भिंतीतला दुसरा माणूस

परीक्षा सुरू व्हायला बावीस मिनिटं होती आणि मुलीच्या खोलीत दुसरा माणूस सापडला.

"खोलीत दुसरी व्यक्ती आहे," लॅपटॉपमधून एका बाईंचा आवाज आला. "कृपया त्यांना बाहेर पाठवा."

मुलीने मागे वळून पाहिलं. दारात उभ्या असलेल्या सुतारकाकांनी खोलीभर नजर फिरवली, मग वाकून पलंगाखालीही पाहिलं. "इथं कुणी नाही हो बाई."

"भिंतीवर बघा. त्या माझ्याकडेच बघतायत."

त्या म्हणजे काकू, सुतारकाकांची बायको. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. फोटोत त्या अगदी समोर बघून हसत होत्या, आणि फोटो चांगला दोन फूट उंच होता. संगणकाला त्या जिवंत वाटल्या यात त्याची फार चूक नव्हती. काकांनाही अधूनमधून वाटायच्या.

"ती माझी आई आहे," मुलगी म्हणाली. "म्हणजे, फोटो आहे."

"ते मला कळतंय. पण सॉफ्टवेअरला दुसरा चेहरा दिसला की ते परीक्षा बंद पाडतं. भिंत पूर्ण रिकामी लागते."

दुसऱ्या शहरातल्या मॅनेजमेंट कॉलेजच्या प्रवेशाची ही परीक्षा घरी बसून द्यायची होती. कुठेतरी दूर बसलेल्या निरीक्षक बाई कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणार होत्या. मुलगी एका पार्सल कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. सहा महिने नोकरी सांभाळून तिने अभ्यास केला होता. कॉलेजचा फॉर्म भरायची मुदत तीन दिवसांनी संपत होती आणि त्याआधी परीक्षेची हीच एक वेळ मिळाली होती. ही हुकली की वर्ष गेलं.

"टेबल फिरवून बसू का?" मुलीने विचारलं.

टेबल फिरणार नव्हतं. काकांनी ते जमिनीत बसवलं होतं. काकांच्या घरात हलण्यासारखं फारसं काही नव्हतंच. फोटोचीही तीच गत होती. काकू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात खिळा निसटून फोटो खाली आला आणि काच फुटली. त्या दिवशी काकांनी नवी चौकट केली, मागे लाकडाचा गोंद थापला, वर आठ स्क्रू मारले, आणि म्हणाले, "आता जा बघू कुठं जातेस ती."

"किती वेळ लागेल बाबा?"

"हा काढला," काका म्हणाले.

आठही स्क्रू निघाले. गोंद निघेना. काकांनी फटीत पटाशी घातली, जोर लावला, पाय भिंतीला टेकवला. भिंत म्हणजे खरं तर काकांनीच घातलेलं प्लायवूडचं पार्टिशन होतं. मुलगी दहावीत गेली तेव्हा एका मोठ्या खोलीच्या त्यांनी दोन खोल्या केल्या होत्या, अलीकडे तिचा अभ्यास, पलीकडे स्वयंपाकघर. प्लाय बारा वर्षांचं होतं आणि गोंद नवा होता. शेवटी गोंद जिंकला. मोठा आवाज झाला आणि प्लायच्या तुकड्यासकट काकू काकांच्या हातात आल्या.

काका धावत स्वयंपाकघरात गेले, फोटो खुर्चीवर टेकवून ठेवला आणि भोक केवढं पडलंय ते बघायला वाकले.

"खोलीत दुसरी व्यक्ती आहे," आवाज आला.

"आता कोण?" मुलगी जवळजवळ रडत म्हणाली.

"आता एक गृहस्थ आहेत. त्याच जागी."

काका खाली बसले. नऊ मिनिटं उरली होती. त्यांनी पांढरी चादर आणून भोकावर लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा आला आणि चादर फुगली. बाई म्हणाल्या, भिंत हलतेय. मग काकांनी एका खोक्याचा पुठ्ठा लावला. त्यावर "ही बाजू वर" असं छापलेलं होतं. बाई म्हणाल्या, भिंतीवर मजकूर चालत नाही. हव्या त्या मापाचं प्लाय वर्कशॉपमध्ये होतं, पण वर्कशॉप रस्त्यापलीकडे होतं आणि आता चारच मिनिटं हातात होती.

पार्टिशन पांढरं होतं. काकांनी स्वतःकडे पाहिलं. शर्ट काढला. आतला बनियन पांढरा होता, आदल्या दिवशीच धुतलेला. ते वळले आणि पाठ भोकात नीट बसवली.

बाईंनी भिंत निरखून पाहिली.

"भिंत ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता परीक्षा संपेपर्यंत भिंतीत कोणताही बदल करू नका. वेळ सव्वादोन तास. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. शुभेच्छा."

अशा रीतीने सुतारकाका भिंतीला लागले.

समोर खुर्चीवर काकू होत्या. चौदा महिने काका रोज संध्याकाळी त्या फोटोपुढे उभे राहून दिवसभराचं सगळं सांगायचे: कुणी कपाट करायला दिलं, कुणी बिजागऱ्यांवरून हुज्जत घातली. आज सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. काकू नुसत्या हसत होत्या. एरवी त्या हसण्यात काकांना माया दिसायची. आज वेगळंच काहीतरी दिसत होतं.

काकांनी परीक्षेचा विचार सुरू केला. सहा महिने घड्याळ लावून मुलीला प्रश्न वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडेच होतं. एकदा प्रश्न आला, एक सुतार सहा दिवसांत टेबल करतो, दुसरा बारा दिवसांत, तर दोघं मिळून किती दिवसांत करतील?

"चार," मुलगी म्हणाली होती.

"दोघं मिळून?" काका म्हणाले. "वीस. पहिले सोळा दिवस मोजमापावरून भांडतील."

"बाबा, उत्तर चार आहे."

"हा पेपर काढणाऱ्याने कधी दुसरा सुतार ठेवलेला नाही."

काही प्रश्नांना 'दिलेली माहिती अपुरी आहे' असंही उत्तर असायचं. ते काकांना फार पसंत होतं. एवढ्या शिकलेल्या लोकांनी हे छापून कबूल करावं याचं त्यांना कौतुक वाटायचं. पुढे पुढे तर भाजीवाल्याने "काका, आज काय देऊ?" विचारलं तरी ते हेच सांगायला लागले.

अर्धा तास झाला असेल. दार उघडून धाकटी आत आली. धाकटी म्हणजे काकूंची बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, घराची एक किल्ली तिच्याकडे असायची, आणि जन्मात कधी ती हळू आवाजात बोललेली नव्हती.

तिला दिसलं ते असं. भावोजी बनियनवर भिंतीला चिकटून उभे. समोर खुर्चीत बहिणीचा फोटो. जमिनीवर भुसा. भुशाने भावोजींचे डोळे पाण्याने भरलेले, आणि तिला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अगं बाई," धाकटी म्हणाली. तिच्या मानाने ते हळूच होतं. "भावोजी, काय हे! किती दिवस चाललंय हे असं?"

काकांनी जोरजोरात मान हलवली.

"हात हलतोय का तुमचा? उजवा उचला. डॉक्टरांना बोलावते मी."

काकांनी दोन्ही हात उचलले, जोडले, आणि कानावरची पेन्सिल काढून तळहातावर लिहिलं: परीक्षा. मग अंगठ्याने मागे दाखवलं. धाकटीने तळहात वाचला, मग कडेने डोकावून पार्टिशनच्या भोकात गच्च बसलेली पाठ पाहिली, आणि पदर तोंडात कोंबून स्टुलावर बसली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

मग तिने पेन्सिल मागून घेतली आणि जमिनीवर पडलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं: "पास झाली तर जाणार ना ती?"

काकांनी खाली लिहिलं: "दोन वर्षं."

"आणि तुम्ही?"

काकांनी पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग लिहिलं: "माहिती अपुरी आहे."

धाकटी काही लिहिणार तेवढ्यात काकांचं नाक वळवळलं. भुसा होता तो. त्यांचे डोळे मोठे झाले, छाती भरली, आणि भिंतही थोडी पुढे मागे झाली असणार. धाकटीने झडप घालून दोन बोटांनी त्यांचं नाक दाबून धरलं. शिंक आतल्या आत कुठेतरी जिरली. काका लालबुंद झाले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी हसत होते, आणि दोघांनाही आवाज करायची परवानगी नव्हती.

सुट्टी झाली. मुलगी स्वयंपाकघरात आली. मावशीला बघून ती दचकली नाही, हसलीही नाही. ग्लासभर पाणी प्यायली आणि काकांसमोर उभी राहिली.

"जा, जरा पाय मोकळे कर," काका कुजबुजले. "माझं इथं ठीक चाललंय."

"बाबा, तू बाहेर ये त्या भोकातून. काही उपयोग नाही."

"का? अवघड गेला?"

"सोपा होता." तिने मान खाली घातली. "मी मुद्दाम हळू सोडवला. सात प्रश्न तसेच ठेवले."

धाकटीने पुठ्ठा उलटा करून मांडीवर घेतला.

"तू एकटा काय करणार इथं?" मुलगी म्हणाली. "तुला स्वतःचा चहा करता येत नाही. आईशी बोलत बसतोस. मावशीच म्हणाली होती, एवढ्यात त्यांना सोडून जाऊ नकोस म्हणून."

काकांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने खिडकीकडे पाहिलं.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली. "मला काय माहीत हे असं भिंतीत उभे राहतील म्हणून."

काकांना रागवायचं होतं. पण पाठ न हलवता रागावता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. हात उगारावा तर खांदा हलतो, आवाज चढवावा तर छाती. म्हणून ते अगदी सावकाश बोलले.

"ऐक पोरी. तू गेलीस तर मला करमणार नाही. ते मी कबूल करतो. संध्याकाळी घर खायला उठेल. पण तू माझ्यापायी राहिलीस, तर रोज सकाळी तुझ्यासमोर बसून मला आनंदी चेहरा करावा लागेल. दोन वर्षं. कदाचित दहा. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. लाकूडकाम सांग, कितीही करतो. तोंड असं करून बसायचं काम मला जमत नाही."

मुलीने रिकामा ग्लास ओट्यावर ठेवला.

"आणि चहा मी शिकतो," काका म्हणाले. "त्याला काय परीक्षा द्यावी लागते का?"

"तुमच्या चहाला द्यावी लागेल," धाकटी म्हणाली. "मी घेईन ती. रोज संध्याकाळी. आणि काय गं, माझं कुठलं ऐकलंस आजवर, ते नेमकं हेच ऐकलंस?"

मुलीने नाक ओढलं, हसली, मग पुन्हा नाक ओढलं. "सात प्रश्न गेलेत मावशी."

"किती बाकी आहेत?"

"दोन भाग."

"मग इथं काय करतेस? जा!"

ती गेली. जाताना काकांच्या बनियनची वर सरकलेली कड तिने खाली ओढून नीट केली. भिंत नीटनेटकी दिसायला हवी होती.

उरलेला दीड तास काकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. आधी टाचा बधिर झाल्या, मग पोटऱ्या, मग गुडघ्याखाली आपलं काही आहे की नाही याची खात्री उरली नाही. पलीकडून बटणांचा आवाज येत होता, टक, टक, टक. पहिल्या भागात तो आवाज रेंगाळत होता, हे काकांना आता आठवलं. आता तो न थांबता चालला होता. धाकटी स्टुलावर बसून त्या आवाजाबरोबर बोटं मोजत होती. मध्येच ती उठून काकांच्या कपाळावरचा घाम पुसून गेली.

मग आवाज थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली. "आलाय आकडा."

काका हलले नाहीत. परीक्षा संपली असं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"त्या कॉलेजला किती लागतो?" धाकटी ओरडली. पावणेदोन तासांचा साठलेला आवाज होता तो.

"त्याहून अकरा जास्त आहेत."

धाकटीने दोन्ही हात तोंडावर नेले आणि बहिणीच्या फोटोकडे पाहिलं. काकाही तिकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी भुसा कुठे उडाला नव्हता.

"अभिनंदन," लॅपटॉपमधून बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "काका, आता हललात तरी चालेल."

मुलीने वळून भोकातल्या बनियनकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"तुम्हाला माहीत होतं?" मुलीने विचारलं.

"सॉफ्टवेअरने मला सतरा वेळा कळवलं, भिंत श्वास घेते आहे. प्रत्येक वेळी कारण लिहावं लागतं." बाई म्हणाल्या. "मी लिहिलं, जुनं घर. आणि हो, सुट्टीत माईक चालूच असतो, हे मी आधी सांगायला हवं होतं. बरंय, येते मी. मला घरी फोन करायचाय. माझे वडील एकटे असतात."

पडदा काळा झाला. मुलगी धावत स्वयंपाकघरात आली. काका अजून तसेच उभे होते.

"बाबा, ये ना बाहेर. संपलं सगळं."

"येतो गं," काका म्हणाले. "कॉलेज कधी सुरू होतंय?"

"तीन महिन्यांनी."

"तीन महिने." काकांनी एक पाऊल टाकायचा प्रयत्न केला. पाऊल पडलं नाही. एका बाजूने मुलीने धरलं, दुसऱ्या बाजूने धाकटीने. ते दोघींच्या मध्ये लोंबकळत म्हणाले, "मग काही घाई नाही. तोपर्यंत येईल मला चालता."