बालाजीरावांचा सैल हात

वरच्या मजल्यावर कुशल गिटार वाजवू लागला की खाली श्रीलक्ष्मी भाजी चिरता चिरता मान डोलवायची. पुण्याहून इथं तमिळ मुलखात, गिंडी भागातल्या कारखान्यात नोकरीला आलेला हा भाडेकरू तिला आवडायचा, आणि नेमकं तेच बालाजीरावांना सलायचं. दर डिसेंबरात ते तिला कर्नाटक संगीताच्या मैफलींना नेत, शेजारी बसून मांडीवर अचूक ताल धरत. त्या तालावर तिची मान कधी हलली नव्हती.

तेव्हा त्यांनीही गिटार आणली.

"काका, मनगट सैल सोडा," कुशलनं जिन्यातूनच सांगितलं. "हात झोपाळ्यासारखा खाली-वर. तार लागो न लागो, हात थांबायचा नाही."

"सेरी, सेरी," बालाजीराव म्हणाले. म्हणजे बरं, बरं, आता जा.

पण हात ऐकेना. जन्मभर ताल मोजलेला हात तो. एक टाळी पडली की अंगठा आपसूक करंगळीवर जायचा, मग अनामिकेवर, मग मधल्या बोटावर. तर्जनी-अंगठ्यात धरलेली तारा छेडायची प्लास्टिकची चकती तेवढ्यात सुटायची आणि गिटारच्या पोटात पडायची. मग गिटार उपडी धरून हलवायची.

"तांदूळ पाखडताय का?" श्रीलक्ष्मीनं विचारलं. "वरचा तो पोरगा, आपला तंबी, कसा गोड वाजवतो, पाहा."

एवढं पुरे होतं. संध्याकाळी ती देवळात गेल्यावर बालाजीरावांनी चपला चिकटवायचा गोंद काढला. एक थेंब अंगठ्याला, एक तर्जनीला, मध्ये चकती. घट्ट दाबलं.

आणि काय सांगावं! अंगठा जागचा हलेना, त्यामुळे ताल मोजता येईना, म्हणून हात मुकाट्यानं खाली-वर जाऊ लागला. गिटार पहिल्यांदाच गिटारसारखी वाजली. बालाजीराव डोळे मिटून वाजवत राहिले.

"अय्यो, कुशल आज किती छान वाजवतोय," जिन्यातून श्रीलक्ष्मीचा आवाज आला.

"काकू, मी तर तुमची पिशवी घेऊन मागे उभा आहे."

दोघं दारात येऊन थबकले. श्रीलक्ष्मी बघतच राहिली आणि तिची मान हलली. चांगली दोनदा. बालाजीरावांना भरून आलं. कुशलचा चेहरा मात्र उतरला होता.

"काका, मला वर्षभरात असा हात जमला नाही. कसं केलंत?"

"साधना," बालाजीराव म्हणाले.

"बरं, आधी प्रसाद घ्या." श्रीलक्ष्मीनं गरम गोड पोंगलचा डबा उघडला. "हात पुढं करा."

बालाजीरावांनी डावा हात पुढं केला.

"प्रसाद डाव्या हातात? कोठं शिकलात हे?"

नाइलाजानं उजवा पुढं आला. चिमूट मिटलेली, मधून चकतीचं टोक डोकावतंय. श्रीलक्ष्मीनं ती उघडायला ओढली, बालाजीराव कळवळले, आणि सोफ्यावरची गोंदाची नळी तिला दिसली. पोंगलचा घास करून तिनं स्वतःच त्यांच्या तोंडात घातला. लग्नानंतर असं प्रथमच घडत होतं. कुशलसमोर घडलं म्हणून तो घास जास्तच गोड लागला.

"आता तेलात बुडवून ठेवा बोटं," ती म्हणाली आणि हसू दाबत आत गेली.

कुशल मात्र हलेना. त्याची नजर त्या चिमटीवर खिळली होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "तो गोंद जरा देता?"

बालाजीरावांनी त्याच्याकडे पाहिलं. उद्या वरून पुन्हा गिटार वाजणार, आणि खाली पुन्हा मान डोलणार.

"संपला रे तंबी," ते म्हणाले आणि सरकून नळीवरच ऐसपैस बसले.

कुशल हिरमुसून वर गेला. बालाजीराव समाधानानं हसले, आणि मग त्यांचं लक्ष समोरच्या टीपॉयवर गेलं. नळीचं टोपण तिथंच होतं.