साहेबराव खाली उभे आहेत

चाकणच्या ज्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तयार होतं, तिथे धम्मरत्न तपासनीस होता. चुकीचा प्लग चुकीच्या जागी बसता कामा नये, हे नव्या कामगारांना शिकवायचं काम गेली अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. त्यामुळे स्वतःच्या जुन्या गाडीत स्पीकर बसवताना तो दुसऱ्या कुणाचं ऐकेल, ही आशाच नव्हती.

गाणी मोठ्याने ऐकायची होती, आणि रविवारी सामानाला डिकीही रिकामी हवी होती. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचा खोका काढता-घालता आला पाहिजे, म्हणजे वायर मध्येच तोडून तिथे प्लग लावले पाहिजेत. चिंचवड स्टेशनजवळच्या रोहिदासने दुकानात त्याच्यापुढे दोन प्रकार ठेवले. बॅटरीच्या वायरींना जाड, तीन पिनांचा प्लग, आणि स्पीकरला वेगळ्याच आकाराचा. तिसरी पिन कशाला, तर चावी फिरवली हे अ‍ॅम्प्लिफायरला सांगणारी एक बारीक वायर असते, तिच्यासाठी. धम्मरत्नला मात्र दोन पिनांचे काळे प्लग आवडले. सगळे एकसारखे, दिसायला नीटनेटके. रोहिदासने दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा धम्मरत्नने आपल्या कंपनीचं नाव सांगितलं, तेव्हा त्याने मुकाट्याने पिशवी भरली.

घरी आल्यावर बारीक वायरीला जागाच उरली नाही. धम्मरत्नने ती बॅटरीच्या जाड वायरीलाच पिळून वर टेप गुंडाळली. गाणं लागलं. मग अडलं कुठे?

पहिल्याच रविवारी सगळे देहूरोडच्या विहारात गेले. वाटेत आजीला आवडती वंदना ऐकता यावी म्हणून साक्षीने, म्हणजे धम्मरत्नच्या मुलीने, आजीचा फोन ब्लूटूथने थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिला. चारी दारांतून वंदना घुमली. धम्मरत्नच्या आई, कस्तुराबाई, डोळे मिटून बसल्या. एकूण सगळं छान झालं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता पिंपळे सौदागरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन ज्योतीराम झाडांना पाणी घालत होता. मागून कुणीतरी खाकरलं. मग धम्मरत्नच्या बंद गाडीतून आवाज आला.

"मी खाली उभा हाय. दार उघडं ठेव."

ज्योतीरामने वाकून आत पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. आवाज त्याच्या ओळखीचा होता. दीड वर्षापूर्वी वारलेले साहेबराव, धम्मरत्नचे वडील, रोज फाटकातून आत येताना याच आवाजात त्याला जेवलास का विचारायचे. पाण्याची नळी त्याच्या हातातच राहिली आणि कुंड्या सोडून त्याच्याच बुटांत पाणी भरलं.

बुधवारी कुसुमताईंनी ऐकलं. त्या तळमजल्यावर राहायच्या आणि कशालाही घाबरत नसत. गाडीने त्यांच्यादेखत विचारलं, "मेथी न्हाई मिळाली. शेपू आणू का?" त्यांनी पापड तसेच उन्हात टाकले आणि दार लावून घेतलं. गुरुवारपर्यंत आजूबाजूच्या दोन गाड्या मालकांनी गुपचूप दुसरीकडे नेऊन लावल्या. धम्मरत्न संध्याकाळी कंपनीच्या बसने कामावरून आला, तेव्हा तीन गाड्यांच्या जागेत त्याची एकटी गाडी उभी होती. गाडीला इतकी मोकळी जागा कधीच मिळाली नव्हती, म्हणून त्याला बरंच वाटलं.

सकाळी साक्षीला सोडायला गाडी काढायला गेला, तर बॅटरी मेलेली. ओळीने दोन दिवस धक्का मारायला माणसं शोधावी लागली, आणि कुणीच गाडीला हात लावेना, म्हणून दोन्ही दिवस मेकॅनिक बोलावून ती चालू करून घ्यावी लागली. शेवटी ज्योतीरामने कारण सांगितलं. धम्मरत्न आधी हसला. मग चिडला. आपण बुद्धाची माणसं, भूतबीत मानत नाही, असं त्याने घरात येऊन बायकोला, नेहाला, उगाचच मोठ्याने सांगितलं. नेहा म्हणाली, मी कुठे काय म्हटलं? तिच्यापुढे वेगळीच चिंता होती. सासूबाई चार दिवसांपासून दुपारच्या जेवल्या नव्हत्या. फोन बिघडलाय एवढंच म्हणत होत्या, आणि दुकानात नेला तर फोन ठणठणीत निघाला.

शनिवारी धम्मरत्नने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सोसायटीचे अध्यक्ष अर्जुनरावही आले. निवृत्त माणूस, सगळ्या अफवांचा निकाल लावण्यात तरबेज. त्यांनी खुर्ची मागवली, गाडीपासून दोन हातांवर ठेवली आणि घड्याळ काढून बसले. ज्योतीराम खांबामागे उभा राहिला. चावी धम्मरत्नच्या खिशात होती. ऊन रणरणत होतं, तरी पार्किंगमध्ये गारवा वाटत होता.

दोन वाजून चार मिनिटांनी गाडी खाकरली.

"कस्तुरा," वडील म्हणाले, "अर्जुनरावच्या गाडीचा मागचा दिवा माझ्याच स्कूटरनं फुटला. कुणाला बोलू नगंस. मी सांगीन त्याला सवडीनं."

अर्जुनराव उठले आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या दिव्यापायी त्यांनी ज्योतीरामला सगळ्या सोसायटीसमोर नको ते बोलून त्याचं गाड्या धुण्याचं काम बंद केलं होतं. ज्योतीराम खांबामागून हळूहळू बाहेर आला. त्याची भीती जरा कमी झाली असावी.

"सांगितलं त्यांनी आज," अर्जुनराव पुटपुटले. मग ज्योतीरामकडे न बघता ते म्हणाले, "चुकलं रे माझं."

अकरा वर्षांची सवय धम्मरत्नला डिकीपाशी घेऊन गेली. त्याने झाकण उघडलं. अ‍ॅम्प्लिफायर चुलीवरून उतरवल्यासारखा तापला होता, आणि त्यावर निळा दिवा जळत होता. चावी खिशात असताना. त्याने टेप गुंडाळलेल्या वायरीकडे पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. गाडी बंद झाल्याचं या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. ते दिवसरात्र जागं होतं, आणि ओळखीचा फोन, म्हणजे रविवारी जोडलेला आईचा फोन, शोधत होतं.

तो पहिल्या मजल्यावर धावत गेला. पार्किंगच्या बरोबर वरच्या खोलीत आई खाटेवर बसली होती. फोन कानाला इतका दाबून धरलेला की गालावर वळ उठला होता.

"बोलत न्हाईत आता," कस्तुराबाई म्हणाल्या. "रोज दोनला ऐकते मी. त्यांनी धाडलेले सगळे निरोप हायेत ह्यात. सोमवारपासनं एक शब्द न्हाई."

साहेबरावांना टाइप करता येत नसे. ते बाजारातून, बागेतून, जिन्याखालून फोनवर बोलून निरोप पाठवायचे. आईने ते जपून ठेवले होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. धम्मरत्नने आईचा हात धरला, तिला खाली आणलं आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवलं.

तिने भीतभीत फोनवर बोट टेकवलं. चारी बाजूंनी साहेबराव बोलू लागले. शेपू, रेशनची रांग, पाऊस येतोय तेव्हा वाळवण काढ. कस्तुराबाई सीटला टेकल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. हळूहळू कुसुमताई आल्या, वरचे दोघंतिघं आले. सगळे अंतर राखून उभे. कारण काय ते धम्मरत्नने सांगितलं होतं, पण पुढे कुणीच आलं नाही. अर्जुनरावांनी टोपी काढली होती.

"कस्तुरा, आज भाजीत मीठ लई झालंया," साहेबराव म्हणाले. "बागेत अर्जुनरावला दिली थोडी. त्यानं बी कुत्र्याला घातली."

अर्जुनराव जमिनीकडे पाहू लागले. कस्तुराबाईंनी डोळे उघडले. त्या दार उघडून उतरल्या, मागे गेल्या आणि कुठला प्लग, असं मुलाला विचारलं. त्याने दाखवला. त्यांनी तो एका ओढीत काढला. निळा दिवा विझला.

"बास झालं चारचौघांत," त्या रिकाम्या गाडीला म्हणाल्या. "उरलेलं वर येऊन बोला."

फोन पदराखाली घेऊन त्या लिफ्टमध्ये शिरल्या. ज्योतीरामने दार धरलं. त्या आत गेल्यावरही त्याने ते लगेच सोडलं नाही, आणखी एक माणूस आत जाईल एवढा वेळ धरून ठेवलं. त्याला घाई करायला कुणी सांगितलं नाही.