हापिस मागं हाय

आमच्या दूध सोसायटीचं ऑफिस एका जागी बसत नाही. सकाळी ते इमारतीच्या पाठीमागं असतं, दुपारी लिंबाखाली आणि उन्हं उतरली की पुढच्या पायरीपाशी. सावली सरकली की वाघमारे तात्या उभे राहतात, पेन कानावर अडकवतात आणि म्हणतात, "चला, सूर्यानं नोटीस दिली." मग एका बाजूनं तात्या आणि दुसऱ्या बाजूनं जो दूधवाला हाताला लागेल तो, असं टेबल निघतं. मागून माठ कडेवर घेऊन मी. गावात कोणी सोसायटीचा पत्ता विचारला तर लोक आधी वर सूर्याकडं बघतात, मग हात करून दाखवतात.

तात्या सोसायटीचे सेक्रेटरी. मी तिथं झाडलोट करते आणि आल्यागेल्याला पाणी देते. पाऊस दडी मारून बसला, गावात टँकर सुरू झाले, तेव्हा तात्यांनी ऑफिसातली उधळपट्टी बंद करायचं ठरवलं. खरं तर उधळायला आमच्याकडं होतं काय? एक ट्यूबलाइट, दोन पंखे आणि माठ. पण तात्यांना त्यातही पुष्कळ सापडलं. "उजेड बाहीर फुकट पडलाय, आन् आपण आत बसून बटणं दाबायलोत. लाइट काय फुकट हाय का?" असं म्हणून त्यांनी टेबलच बाहेर काढलं.

मग पाण्याची पाळी आली. पेला अर्धाच भरायचा, असा हुकूम. "आर्धा प्या, लागला तर परत मागा. मागायला लाज कसली?" लाज मागणाऱ्याला नव्हती, ती मला होती. आमच्याकडं पाहुण्याला अर्धा पेला देणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखं. मी मान खाली घालून पेला पुढं करायची. एकदा चेअरमन अण्णांचे व्याही आले. त्यांनी पेल्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "पेला गळका हाय का?"

तात्या म्हणाले, "पेला धड हाय, पाव्हणं. आभाळ गळंना, म्हणून आर्धा."

शिवाय पेल्यात उरलेला घोट फेकायचा नाही. ज्यानं उरवला त्यानंच उठून तो लिंबाच्या बुडाशी घालायचा. व्याही फेट्यासकट उठले, लिंबापाशी गेले आणि आमच्याकडं असं बघत राहिले, की आता याला नमस्कारपण करायचा काय!

कागदाचंही तसंच. दुधाच्या पावत्या तात्या जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं लिहायचे. "मागची बाजू कोरी ऱ्हाती. ती काय फुकट हाय का?" गावभरच्या पत्रिका ते मागून आणायचे. एकदा त्यात एक ताजी पत्रिका मिसळली. ती पावती गेली धुरपदामावशीच्या हातात. मावशीच्या दोन म्हशी आणि थोडी शेरडं. जीभ मात्र दहा म्हशींना पुरेल एवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुधाची किटली आदळतच आली.

"तात्या, माज्या सख्ख्या दिराच्या पोरीचं लगीन, आन् मला ते दुधाच्या पावतीवर कळावं?"

तात्या जरा गडबडले, मग म्हणाले, "मावशी, लगीन अजून व्हायचंय. हीच पत्रिका समजा."

मावशी तसंच समजली. पावती हातात धरून ती मांडवात गेली आणि पंगतीत पहिल्या पाटावर बसली.

बाहेर ऑफिस आल्यानं आणखी एक गोष्ट झाली. आत खुर्च्या, टेबल, पुरुषमाणसं. त्यामुळं बाया आत यायच्याच नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथूनच दूध द्यायच्या आणि निघायच्या. सावलीला उंबरा नसतो. त्या बसू लागल्या. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या वासराला हगवण लागली, कोणाला चारा मिळेना, सगळं तात्यांच्या कानावर पडू लागलं. बघता बघता इमारतीपेक्षा सावलीला गर्दी जास्त.

अशातच तालुक्याहून साहेब तपासणीला आले. आम्ही मागं होतो. पुढचं दार, शेरडं आत शिरतात म्हणून, कुलूपबंद. साहेब गाडीतच बसून राहिले, एसी चालू ठेवून. इंजिनाची घरघर ऐकून तात्या बसल्या जागेवरून ओरडले, "ओ गाडीवाले, इंजिन बंद करा! डिझेल काय फुकट हाय का?"

गाडी निघून गेली. तात्या समाधानानं म्हणाले, "आयकलं बघा. समजदार माणूस."

चार दिवसांनी कागद आला: कार्यालय कामाच्या वेळेत बंद आढळले, खुलासा करावा.

तात्यांनी खुलासा लिहिला, "कार्यालय बंद नव्हते. कार्यालय मागे होते."

चेअरमन अण्णांनी कपाळाला हात लावला. "तात्या, उद्यापासून हापिस आत. साहेब परत येणार हायेत. पुन्ना बाहीर दिसलात तर मला दुसरा सेक्रेटरी बघावा लागंल."

तात्या आत बसले, पण पाहुण्यासारखे, खुर्चीच्या टोकावर. पंख्यानं पावत्या उडायच्या, त्यावर ते दगड ठेवायचे. बाया पुन्हा उंबऱ्याबाहेर. धुरपदामावशी बाहेरून ओरडायची, "तात्या, म्हैस पाय टेकंना हो!" तात्या आतून काहीतरी सांगायचे, ते पंख्याच्या आवाजात तिला ऐकूच यायचं नाही. ती निघून जायची. तात्या दाराकडं बघत राहायचे.

साहेब परत आले. अण्णा इस्त्रीचे कपडे घालून हजर. साहेब खुर्चीवर बसले आणि लाइट गेली. वर पत्रा. थोड्याच वेळात साहेबांचा रुमाल भिजला, अण्णांची इस्त्री गेली.

"बाहेर नाही का बसता येणार?" साहेबांनी विचारलं.

तात्या ताठ बसून म्हणाले, "हापिस आत हाय, साहेब." आणि अण्णांकडं बघितलं.

अण्णा काही बोलायच्या आत धुरपदामावशी उंबरा ओलांडून आत आली. पहिल्यांदाच. तिनं टेबलाचं टोक धरलं. "अण्णाला काय इचारायलाव? साहेब शिजायलेत! धरा रे!"

लिंबाखाली साहेबांनी सगळं तपासलं. मी अर्धा पेला दिला, त्यांनी परत मागितला, आणि उरलेला घोट कोणी न सांगता झाडाला घातला. निघताना म्हणाले, "बसा कुठंही. पण दारावर लिहून ठेवत जा." आणि गाडीत बसताना हळूच, "त्या दिवशी इंजिन बंद करा म्हणून कोण ओरडलं होतं?" अण्णा खोकले. तात्या लिंबाकडं बघू लागले.

दारावर लावायच्या पाट्या मी लिहिल्या, पत्रिकांच्या मागच्या बाजूला. "हापिस मागं हाय." "हापिस लिंबाखाली हाय." "हापिस पायरीवर हाय." चौथीत शाळा सुटली, त्यानंतर माझं अक्षर पहिल्यांदाच कोणी दारावर लावलं.

मागच्या रविवारी मी ऑफिसची किल्ली द्यायला तात्यांच्या घरी गेले. बायको वारून बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला. तात्या अंगणात भिंतीच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. मी बघत होते तेवढ्यात पायावर ऊन आलं. तात्या उठले, आपली खुर्ची सरकवली, मग ती रिकामीही सरकवून नीट शेजारी लावली.

माझ्याकडं लक्ष गेलं तसे म्हणाले, "ती व्हय? सावली दोघांपुरती पडती. एकट्यानं किती वापरावी?"

मी कोणापुढं खुर्चीवर बसत नाही. त्या दिवशी बसले. तात्या लगबगीनं आत गेले आणि पाणी घेऊन आले. पेला काठोकाठ भरलेला.

"तात्या, आर्धाच द्यायचा ना?"

"आसू द्या," ते म्हणाले. "प्यायला जरा येळ लागंल."

मी अगदी सावकाश प्यायले.