ट्रेल नंबर दोन आणि दगडाबाईंची शपथ

माणूस दोन कारणांनी चालतो. कुठंतरी जायचं असतं म्हणून, नाहीतर कुठंच जायचं नसतं म्हणून. पहिल्याला गरज म्हणतात. दुसऱ्याला ट्रेल म्हणतात, आणि त्याला टोपी लागते.

म्हैसमाळच्या अलीकडं डोंगरावर तंबूंचा कॅम्प झाला, तेव्हा ही सोय दगडाबाईंच्या दारापर्यंत आली. कॅम्पवाल्यांनी गावच्या पायवाटांना नंबर दिले (त्याआधी त्या बिननंबरीच पोचवत होत्या) आणि पाट्या ठोकल्या. सदर ट्रेल वाहनतळापासून निघून वाहनतळालाच संपेल. टोपी डोक्यावर व शिट्टी गळ्यात असावी. शिट्टी वाजल्यास धोका समजून माघारी फिरावं. थकल्यास निसर्गाकडं बघावं. शहरातल्या पुंडलिकनगरहून गाड्या भरून माणसं येऊ लागली. शंभरातली नव्वद घाम यावा म्हणून, उरलेली दहा आलेला घाम फोटोत दिसावा म्हणून.

दगडाबाईंना या खुळाशी देणंघेणं नव्हतं. (घाम त्यांना घरबसल्या येई.) पण ट्रेल नंबर दोन खिंड ओलांडून नेमका त्यांच्या विहिणीच्या अंगणातून जात होता. लेकीच्या, मेघाच्या लग्नात दगडाबाईंनी दिलेलं मानाचं लुगडं दोन बोटांत चोळून विहीण लीलाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "धुतल्यावर कळंल." त्यावर दगडाबाई भर मांडवात गरजल्या, "तुमच्या घरी यायला निघाले तर नाव बदला माझं!"

शपथ कडक पाळली गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण त्यासाठी सासूनं निरोप धाडावा की आईनं आधी न्यायला जावं? दोघी आपापल्या ओट्यावर ठाम बसल्या. नात काही थांबली नाही, सासरीच जन्मली. तिला दात आले तरी आजीनं तिला मोबाइलमध्येच पाहिलेलं.

"आई, श्रेया रांगती आता," मेघा फोनवर म्हणाली. "तू आता तिच्या लग्नालाच ये."

दगडाबाईंनी फोन ठेवला आणि गुडघे दुखतात असं कुणी न विचारताच सांगितलं.

त्याच दिवशी कॅम्पचा मॅनेजर साकिब, शहागंजचा पोरगा, पाटी रंगवत होता.

"ही वाट कुठं जाती रं आता?"

"किधर भी नहीं, मावशी. ट्रेल है. घूमके वापस इधरच."

"म्हंजी चालणारा कुठंच जात नाय?"

"बिलकुल नाय. लोगां इसीके वास्ते तो आते."

दगडाबाईंनी शांतपणे विचार केला. जो कुठंच जात नाही, तो विहिणीकडंही जात नाही. तर्काला कुठंच भोक नव्हतं. दुसऱ्या दिवशी नऊवारीवर नारिंगी टोपी चढवून त्या रांगेत उभ्या राहिल्या.

लीलाबाईंच्या अंगणात पाटी होती: 'दर्शनबिंदू: स्थानिक जीवन'. स्थानिक जीवन चुलीपुढं भाकरी थापत होतं आणि पुंडलिकनगर त्या भाकरीचे फोटो काढत होतं.

लीलाबाईंनी टोपीकडं पाहिलं. "कोण म्हणायचं आपण?"

"ट्रेकर."

"कुठं निघालात?"

"कुठंच नाय."

"मग बसा घडीभर."

"बसायचा नियम नाय. स्थानिक जीवन दावा."

लीलाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, आत गेल्या आणि श्रेयाला आणून दगडाबाईंच्या कडेवर दिलं. "हे घ्या. सांभाळून, चावतं."

श्रेयानं आजीकडं निरखून पाहिलं, गळ्यातली शिट्टी दातांत धरली आणि जीव खाऊन फुंकली. नियमाप्रमाणं सगळे ट्रेकर वाहनतळाकडं पळत सुटले. अंगणात धोका तेवढा उरला.

"धुतलं," लीलाबाई भाकरीला म्हणाल्या. अंगावर तेच लुगडं होतं. "रंग नाय गेला."

दगडाबाईंनी ते ऐकलं नाही. दर्शनबिंदूवर ऐकण्याची तरतूद नव्हती. नातीला मात्र त्यांनी अजून घट्ट धरलं.

तेव्हापासून त्या रोज ट्रेल करतात. कॅम्पनं त्यांना 'उत्कृष्ट निसर्गप्रेमी' ठरवलं आहे. परतीची वाट दगडाबाईंच्या स्वयंपाकघरामागून जाते हे कळल्यावर लीलाबाईंनीही टोपी घेतली. तिथं आता 'जलपानबिंदू' आहे. चहात साखर कमी होती असं लीलाबाई निसर्गाकडं बघून सांगतात. शपथ अजून मोडलेली नाही. दोघी एकमेकींच्या घरी एकदाही गेलेल्या नाहीत.

हसताय? हसा. पण ज्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणालात, त्याच्या गल्लीतून परवा 'सहज' गेलात ना? टोपी घालायची होती. सगळ्यांनी ओळखलं.