वरच्या खोलीतलं वजन

पाठीवर गोणी ठेवली की कृष्णात वजन सांगत असे. काटा नको, चिठ्ठी नको! वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात अठ्ठावीस वर्षं माथाडी काम केलेली ती पाठ. चुकली तर अर्ध्या किलोनं चुकायची, आणि तेव्हाही कृष्णात म्हणायचा, गोणी ओली असेल.

अशा माणसाला त्याच्याच मुलीनं सांगावं, की जगातलं बहुतेक वजन दिसतच नाही!

तेजश्री फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. दुसऱ्या वर्षाचा खास विषय निवडायचा होता आणि पोर्टल रविवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. मटेरियल सायन्स घेतलं तर कंपनीत नोकरी. पण पोरीचा जीव डार्क मॅटरवर.

"म्हंजे काय असतं ते?"

"दिसत नाही, हाताला लागत नाही. पण वजन आहे, आप्पा."

"कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही."

"आन् त्याच्यावर तू पोट भरणार!"

वडिलांच्या होकाराशिवाय ती फॉर्म भरणार नव्हती, आणि होकार मिळत नव्हता. चार दिवस घणसोली गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत ताटंसुद्धा आवाज न करता वाढली जात होती.

रविवारी दुपारी तीनला घरमालकीण काशीमावशी दारात येऊन उभी राहिली.

"किस्ना, तुजी पोर न दिसनारा वजन शिकते ना? मंग चल वरती. माजे तिसऱ्या माल्याव तसाच हाय काय तरी!"

तिसऱ्या माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून दोन महिन्यांत तीन भाडेकरू पळाले होते. तिघांचं गाऱ्हाणं एकच. दुपारी जरा डोळा लागला की छातीवर कोणीतरी येऊन बसतं. बोलत नाही, मारत नाही. नुसतं बसतं.

"मावशी, आमचं ते वेगळं असतं हो..." तेजश्री म्हणाली.

"चला!" कृष्णात उठलासुद्धा. त्याला बेत सुचला होता. खालच्या किराणा दुकानदाराचा, विपुलचा, गोणी मोजायचा मोठा काटा वर न्यायचा, पोरीला चांगलं ठळक शून्य दाखवायचं, आणि पाचाच्या आत मटेरियल सायन्स भरून मोकळं व्हायचं!

खोली रिकामी होती. शेजारी टॉवरचं काम दणादणा चाललं होतं. पण उंबरा ओलांडला आणि तो आवाज बंद झाला, कुणीतरी कानात कापूस कोंबल्यासारखा. खिडकी लावलेली. तरी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हळूहळू वर उठत होतं आणि हळूहळू खाली बसत होतं. झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं.

विपुलनं काटा कोपऱ्यात ठेवला. शून्य.

"बघ!" कृष्णात म्हणाला.

तेजश्री बघतच होती. चार. अकरा. एकोणतीस. गुडघे दुखणारं माणूस बेताबेतानं टेकावं तसा आकडा चढला आणि बासष्टवर थांबला.

"आई एकवीरे!" काशीमावशी भिंतीला चिकटली.

तेजश्रीनं काटा ओढून दाराशी आणला. शून्य. परत कोपऱ्यात नेला. बासष्ट. वायर काढून बॅटरीवर चालवला. बासष्ट! तिचे डोळे असे चमकत होते, की कृष्णातनं ओळखलं, पोर हातची चालली!

विपुल एव्हाना जिन्यात पोचला होता.

आता तुम्ही म्हणाल, कृष्णातनंही पळायचं! पळालाच असता. पण आकडा त्याला खटकला.

"बासष्ट?" तो म्हणाला. "वाटत नाही."

त्यानं टॉवेल दुमडून पाठीवर घेतला, कोपऱ्याकडे पाठ केली, वाकला आणि सवयीनं ओरडला, "ठेव!"

आणि ठेवलं!

त्याचे गुडघे करकरले. काट्यावर शून्य आलं. मानेला काहीतरी गार लागलं, आणि तळघरात वर्षभर पडलेल्या पोत्यांचा वास आला.

"सत्तावन्न," तो दातांतून म्हणाला. "काटा पाच किलो जादा दाखवतोय!"

"ओ मामा, धंदा खराब करू नका!" जिन्यातून विपुल ओरडला. "काट्याला सरकारी शिक्का आहे!"

"माझ्या पाठीला कळतं!"

"पाठीला शिक्का आहे का?"

"भांडू नका रं, आदी ता खाली न्या!" काशीमावशी किंचाळली.

कृष्णात तीन माळे उतरला. जिन्यात जमलेली गर्दी पाठीमागे पाठीमागे सरकत रस्त्यावर सांडली आणि पांगली. गल्लीतली कुत्री भुंकली नाहीत. उठली आणि निघून गेली.

खाली येऊन तो उभा राहिला. वाकलेलाच. पाचाला दहा कमी होते.

"आप्पा, सरळ व्हा ना. पडेल ते."

"वजन टाकायचं नसतं, उतरवायचं असतं. कुणीतरी धरायला लागतं."

धरणार कोण? विपुलनं शटर ओढलं होतं. शेवटी तेजश्रीच पुढं झाली आणि तिनं हात पसरले.

"कोपरा धर."

"कुठंय कोपरा?"

"मला काय माहीत? शिकणारी तू!"

ती बापाच्या पाठीमागे हवेत चाचपत राहिली. एकदम थांबली. तिची मनगटं खाली वाकली. दोघांनी मिळून ते दाराच्या पायरीवर ठेवलं.

"माजे दारान?" वरून काशीमावशी. "उचला आदी!"

कृष्णात सरळ झाला. टॉवेलानं तोंड पुसताना त्याला चार दिवसांचं सगळं आठवलं. कुणी बघितलंय, असं आपण विचारलं होतं. बघितलं नव्हतंच, पण वाहून तर आणलं!

"तेजू," तो म्हणाला, "भर तुझं ते न दिसणारं. माझा होकार आहे. कुणी हसलं तर मला बोलव!"

तेजश्रीनं मोबाइल ओढणीआड घेतला.

"मी फॉर्म भरला, आप्पा. आत्ताच."

"डार्क मॅटर?"

"मटेरियल सायन्स."

"आता? आगं, आता तर..."

"आप्पा, मी कोपरा शोधत होते ना?" ती अगदी हळू म्हणाली. "कोपरा नव्हता. हात होता. त्यानं माझा हात धरला."

खरं तर कृष्णात जिंकला होता. अगदी हवं तेच झालं होतं. पायरीकडे न बघता तो चार पावलं लांब सरकला, आणखी दोन सरकला, आणि मग त्यानं विचारलं,

"मटेरियल सायन्समध्ये तरी सगळं दिसतं ना गं?"