गुल्हाने सरांच्या टोप्या

आमच्या कॉलेजातले गुल्हाने सर भेटले की नमस्कार करत नाहीत, बोट मागतात. "द्या बरं जरा." शिंप्याची टेप कायम खिशात. प्राचार्य, शिपाई, परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक, सगळ्यांच्या बोटांची मापं त्यांच्या वहीत आहेत. कशाला म्हणून विचारलं, तर ठरलेलं उत्तर: "तसं काई नाई, पण हाय."

हाय ते असं. कापूस वेचताना सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांत शिरतात. संध्याकाळपर्यंत बायांची बोटं रक्ताळतात. त्यावर सरांनी बोटांत घालायच्या रबरी टोप्या केल्या. टोकाशी खरबरीत, म्हणजे कापूस निसटत नाही.

बाभुळगावजवळच्या एका शेतात त्यांनी वीस बायांवर चाचणी घेतली. सकाळी टोप्या द्यायच्या, संध्याकाळी मोजून परत घ्यायच्या. वर 'ही वस्तू कोणाला दाखवणार नाही' अशा कागदावर प्रत्येकीची सही.

"नवऱ्यालेबी नाई का जी?" एकीनं विचारलं.

"त्याले तं बिलकुल नाई. गावभर करन थो!"

मग सर त्या टोप्या धुऊन विभागातल्या तारेवर वाळत घालायचे. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

पुढं विद्यापीठानं प्राध्यापकांचे शोध बाजारापर्यंत नेण्यासाठी निधी काढला. सरांना साचा हवा होता. हातानं एक टोपी करायला त्यांचा अर्धा दिवस जायचा. अशानं कितीजणींच्या बोटांना पुरणार? कॉलेजतर्फे समन्वयक मी. सर म्हणाले, "साहेबायसमोर माह्या तोंडातून शब्द निघत नाई. तुमीच बोला." अर्ज त्यांनी भरून दिला, मी वरवर चाळून पुढं पाठवला.

समितीनं विचारलं, "ही वस्तू आधी लोकांत गेली आहे का?" आधीच उघड झालेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, म्हणून निधीही नाही, असा नियम. सरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "हो. वीस बायांना दिल्या होत्या."

एवढंच. टोप्या रोज परत घेतल्या, सह्या घेतल्या, हे मी बोललो नाही. सह्यांचे कागद माझ्याच पिशवीत होते. विसरलो नव्हतो. यादीत पुढचं नाव माझं होतं.

माझ्या सौर वाळवणी पेटीला निधी मिळाला. सध्या तिच्यात आमचा शिपाई डबा गरम ठेवतो.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. आर्णी रोडला लागल्यावर म्हणाले, "इसरले असान तुमी. मोठ्या लोकायसमोर होते तसं."

"हो," मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं.

याला बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना त्यांचा परत आलेला अर्ज हाती लागला. या वेळी नीट वाचला. दुसऱ्या पानावर, सहसंशोधक या रकान्यात, माझं नाव होतं.

मी तो घेऊन त्यांच्या विभागात गेलो. तारेवर टोप्या वाळत होत्या. सर एकटेच, कात्रीनं रबर कापत.

"सर, माझं नाव कशाला घातलं?"

"घामासाठी भोक ठेवा, असं तुमीच तं म्हटलं होतं."

तसं मी म्हटलं होतं खरं. थट्टेत.

"ते काय, कोणीही सांगितलं असतं."

"कोणी सांगतलं नाई न पण." कात्री थांबली. "अन् एवढ्या मोठ्या कागदावर एकट्याचंच नाव कसंतरीच दिसते, सर. तसं काई नाई, पण हाय."

मग त्यांनी खिशातून टेप काढली. माझं माप वहीत होतंच. पण वयानं बोटं जाड होतात म्हणे. मी हात पुढं केला. एवढ्या वर्षांनी आता सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं.

"सर, त्या दिवशी समितीसमोर मी..."

"हालू नका," गुल्हाने सर म्हणाले. "माप चुकते."