गुरूपाशी गंधक

चिखलीतल्या आमच्या गल्लीत ‘गुरुबळ’ हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. तो कानावर पडला की शेजारचे इंगळे मास्तर असतील तिथून उठून येतात. एकदा तर अर्धी दाढी तशीच ठेवून आले होते.

विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबेना. विषय एकच, गुरू ग्रह! त्याच्याभोवती म्हणे चुंबकीय शक्तीचं अवाढव्य कवच आहे आणि त्यात विद्युतभारित कणांचा वायू, म्हणजे प्लाझ्मा, भरला आहे. असेल बुवा. पण मेथीची जुडी निवडताना हे कुणाला हवंय? भाजीवालीसुद्धा मास्तर दिसले की पाटी उचलते.

मास्तरांचं पालुपद ठरलेलं, “त्या कवचात गुरूचं सोताचं हाये काय? गंधक अन् प्राणवायू! थेही त्याचं नाही. आयो नावाचा लहानसा चंद्र हाये, त्याचे ज्वालामुखी ओकून राह्यले, अन् हा मोठा त्याच्यावर मिरवून राह्यला!”

परवा माझ्या मुलीला, सीमाला, पाहायला मलकापूरचे पाहुणे आले. मुलगा पसंत, मुलगी पसंत. तेवढ्यात मुलाचे काका म्हणाले, “पोरीले यंदा गुरुबळ नाही.” झालं! न बोलावता मास्तर दारात हजर. आमचेच पोहे खात त्यांनी गंधकापासून सुरुवात केली आणि शेवटी बोट उगारून गरजले, “सारा प्लाझ्माचा खेळ हाये, प्लाझ्माचा!”

काकांचा चेहरा उतरला. “म्हंजे पोरीच्या रक्तात दोष हाये काय?”

त्यांना रक्तपेढीतला प्लाझ्मा तेवढा ठाऊक. मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं, पण पाहुणे चहा न घेताच निघून गेले.

मी तणतणत मास्तरांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मोठ्या बहिणीने, विमलताईंनी उघडलं. शिलाई मशीन सोडून ही बाई कधी बाहेर दिसत नाही. माझा सगळा संताप ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “मले पाहाले आले होते, थेही गुरुबळ नाही म्हनूनच वापस गेले. मंग कोनी आलंच नाही. मी कपडे शिवले, त्याच्यावर हा तुमचा मास्तर, भास्कर, शिकला.”

आत मास्तर मान खाली घालून बसले होते.

“उद्या मलकापूरले जातो, भाऊ. माफी मांगतो. गुरूचं नाव काढत नाही,” ते म्हणाले. मग थांबून विचारलं, “पोरगी रडली काय?”

“रडली.”

“बरं झालं. आमची ताई रडली नव्हती. मशीनवर बसली अन् माहा शाळेचा सदरा शिवाले घेतला.”